धुराचा डोंगर

झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी सुट्टीचा एखादा दिवस घालवला असेल. तिथून जवळच वाळवंटात एक बुटका डोंगर आहे, जबल अद्-दुखान. उंची जेमतेम १३४ मीटर. आमच्या साताऱ्याकडे त्याला टेकाड म्हणतील. पण बहारीनमधली हीच सर्वांत उंच जागा, आणि इथेच १९३२ साली आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल लागलं. 'दुखान' म्हणजे धूर. दमट हवेत डोंगर धुरकटलेला दिसतो, म्हणून हे नाव.

त्याच काळात आपल्याकडे घरोघरी खराखुरा धूर होता. माझ्या आजीच्या चुलीत तुरकाट्या, शेणी आणि पावसाळ्यात ओली लाकडं जळत. फुंकणीने फुंकता फुंकता तिचे डोळे लाल होत, आढ्याची लाकडं काजळीने काळी झालेली. उतारवयात तिला दम लागू लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी विडी ओढतं का?" चुलीबद्दल कोणी विचारलं नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे तीनशे कोटी; तेव्हा फुफ्फुसाच्या या जुनाट विकाराचं सर्वांत मोठं कारण चूलच असू शकेल.

शहरात धूर कमी, पण भीती वेगळी. बर्मा-शेलने मुंबईत १९५५ साली गॅस सिलिंडर आणला खरा, पण पुढची कित्येक वर्षं गॅससाठी 'नंबर लावावा' लागे आणि तो लागायला वर्षं जात. मुलीच्या लग्नाआधी नंबर लागला तर भाग्य! तोवर रेशनच्या रांगेतलं रॉकेल आणि पितळी स्टोव्ह. टाकीत पंपाने हवा भरायची, बर्नर तापला की रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत येई. भोक बुजलं की पिन मारायची. स्टोव्ह पेटता असताना रॉकेल ओतलं, की भडका. त्यात जमिनीवर बसून स्वयंपाक आणि अंगावर नायलॉनची साडी. ती वितळून कातडीला चिकटे. 'स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू' ही बातमी इतकी नेहमीची झाली, की सगळेच भडके स्टोव्हचे नसतात हे लोकांना कळून चुकलं. १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब हे कलम आलं, ते या पार्श्वभूमीवर. गरिबीचं साधन गुन्ह्याला आडोसा देत होतं, हे मला या इतिहासातलं सर्वांत भयंकर पान वाटतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. अनेक ठिकाणी अनुदान संपलं की चूलही पडली. त्या मानाने पुण्याच्या 'आरती' संस्थेचं काम मला अधिक पटतं. इरावती कर्व्यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली त्यासाठी लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. जे पाचट शेतकरी फडातच पेटवून देतो, त्याचंच सरपण!

मग २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तिचं आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिलं गेलं. पण कनेक्शन मिळणं आणि दुसरा सिलिंडर परवडणं यात फरक आहे. माझ्या गावात चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर, अशी वाटणी अजून दिसते. आपण सुट्टीत जातो तेव्हा हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी पाहून गाडी थांबवतो. तिथे चुलीपुढे बसलेल्या बाईंना पाहिलंत, तर त्या पदराने डोळे पुसत असतात.