दिवाणखान्यातील मुद्रण आणि दूरचा प्रेक्षक

अमेरिकेत अँटेनाने विनामूल्य मिळणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम स्वगृही मुद्रित करून सवडीने पाहण्याची मुभा प्रेक्षकास सुखासुखी लाभली नाही. सोनीच्या बीटामॅक्स यंत्राविरुद्ध युनिव्हर्सल व डिस्ने या चित्रसंस्थांनी १९७६ साली गुदरलेल्या फिर्यादीचा फैसला सर्वोच्च न्यायालयात १७ जानेवारी १९८४ रोजी, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, सोनीच्या बाजूने झाला. वेळेचे बंधन सुटले, स्थळाचे राहिले. १९९९ मध्ये टिवोने फितीऐवजी हार्ड डिस्क वापरली, तरी मुद्रण दिवाणखान्यातच अडकलेले होते.

प्रवासात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे बेसबॉल सामने हुकतात, या कोणाही क्रीडावेड्यास पटणाऱ्या कारणास्तव क्रिकोरियन बंधूंनी २००५ साली स्लिंगबॉक्स विक्रीस आणला; घरच्या यंत्रातील चित्र संक्षिप्त करून तो इंटरनेटमार्गे धन्याकडे रवाना करी, आणि धन्याचे हुकूम अवरक्त किरणांनी त्या यंत्रास पोचवी.

एरिओ कंपनीने हीच सोय भाडेतत्त्वावर देऊ केली. प्रत्येक वर्गणीदारास नाण्याएवढी स्वतंत्र अँटेना मुक्रर करण्याची तिची युक्ती, माझ्या मते, अभियांत्रिकीपेक्षा वकिली बुद्धीचीच अधिक. २५ जून २०१४ रोजी न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी अमान्य केली. खासगी यंत्रास तो निकाल बाधला नाही. तथापि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी स्लिंगने आपले सर्व्हर बंद केले, तेव्हा लोकांच्या घरातील ते खोके मालकाच्या हयातीतच निरुपयोगी ठरले.