विरजणाचा प्रवास: ताक, आतडे आणि आरोग्याची एक जुनी कल्पना

मराठी घरांत दुधाला लावले जाणारे विरजण म्हणजे आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचाभर अंश असतो. त्यातील जीवाणू कोमट दुधातील शर्करेचे आम्लात रूपांतर करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिने गोठतात आणि रात्रभरात दही लागते. हे दही रवीने घुसळून लोणी काढून घेतले की मागे ताक उरते. लोणी कढवून केलेले तूप टिकाऊ असल्याने त्याला बाजारात किंमत होती, ताक मात्र दुसऱ्या दिवशी आंबून जाई. त्यामुळे ज्यांच्या घरी दुभते नसे, त्यांनी शेजारी भांडे नेऊन ताक मागावे आणि शेजाऱ्याने ते द्यावे, असा रिवाज पडला. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण याच व्यवहाराची खूण आहे. विरजणही असेच या घरातून त्या घरात जात असे, आणि त्याबरोबर जीवाणूंची एक अदृश्य वंशावळही जात असे.

ताकाला औषधाचे स्थान फार पूर्वी मिळाले. आयुर्वेदात अन्न पचवणाऱ्या शक्तीला ‘अग्नी’ म्हणतात आणि हा अग्नी मंदावणे हेच सर्व रोगांचे मूळ, असे वाग्भटाने स्पष्ट मांडले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि ग्रहणी, म्हणजे अन्न नीट न पचता मल कधी पातळ तर कधी घट्ट होण्याचा विकार, या दोहोंवर तक्राचा उपयोग सांगितला असून ते भूक वाढवणारे, मल बांधणारे आणि पचायला हलके मानले आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात तर घुसळलेल्या दह्याचे प्रकार पाण्याच्या मापावर वेगळे केले आहेत: सायीसकट व पाण्याविना घुसळलेले ते घोल, साय काढून पाण्याविना घुसळलेले ते मथित, चौथा हिस्सा पाणी घातलेले ते तक्र आणि निम्मे पाणी घातलेले ते उदश्वित. या ग्रंथकारांना आजच्या अर्थाने आतड्यातील जीवाणूंची कल्पना नव्हती, म्हणून आधुनिक शोध त्यांनी आधीच लावला होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही; परंतु आहार, आतडे आणि सर्व शरीराचे स्वास्थ्य यांचा संबंध त्यांनी अनुभवातून बारकाईने पाहिला होता, हे मान्य करावे लागते.

जीवाणूंचा धागा या विचाराशी जोडला गेला तो पॅरिसमध्ये. दूध आंबणे हे सजीवांचे कार्य आहे, असे लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये दाखवले. पुढे 1899 मध्ये आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत वाय आकाराचे, आज बायफिडोबॅक्टेरिया म्हणून ओळखले जाणारे जीवाणू आढळले. आणि 1905 मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्याचा जीवाणू वेगळा केला. पाश्चर संस्थेत 1888 पासून काम करणारे इल्या मेचनिकॉफ यांनी याच सुमारास असा सिद्धान्त मांडला की, मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जीवाणू विषारी द्रव्ये तयार करतात, ती रक्तात जाऊन शरीराला अकाली वार्धक्य आणतात, आणि आंबट दुधातील जीवाणू या कुजण्याला आळा घालू शकतात. त्यांना 1908 मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह मिळालेले नोबेल पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते, दह्यासाठी नव्हते. तरीही त्यांच्या नावाच्या वजनामुळे युरोपात दही ही आरोग्याची वस्तू ठरली. याच काळात लंडनमध्ये आर्बथनॉट लेन हे शल्यविशारद ‘आतड्यातील विष’ टाळण्यासाठी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत होते, यावरून त्या कल्पनेचा पगडा किती होता हे लक्षात येते.

कल्पनेमागोमाग व्यापार आला. आयझॅक करासो यांनी 1919 मध्ये बार्सिलोनात दानोन दही सुरू केले आणि ते प्रथम औषधाच्या दुकानांतून विकले. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये निवडलेल्या जीवाणूपासून 1935 मध्ये याकुल्ट हे पेय बाजारात आले. मात्र बल्गेरियन दह्यातील जीवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, हे लिओ रेटगर आणि हॅरी चेप्लिन यांच्या 1921 मधील ग्रंथापासूनच पुढे येत गेले. मेचनिकॉफ यांचा प्रश्न योग्य होता, पण त्यांनी मोठ्या आतड्यालाच गुन्हेगार ठरवले ते चुकले.

आज मोठे आतडे हे शरीराचे उपयुक्त अंग मानले जाते, कारण तेथील जीवाणू धान्य, कडधान्य आणि भाज्यांतील, माणसाला न पचणारा चोथा, म्हणजे तंतू, आंबवून लहान साखळीची मेदाम्ले बनवतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे आणि दाह आवरण्यातही त्याचा वाटा आहे. तंतू कमी पडला की काही जीवाणू अस्तरावरील श्लेष्माचा थर खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. प्रतिजैविकांनी ही वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू फोफावून तीव्र अतिसार होऊ शकतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जीवाणू दिलेल्या 16 रुग्णांपैकी 15 बरे झाले, आणि जीवाणूंचा समतोल ढळणे हेही रोगाचे कारण असते याचा हा ठळक पुरावा ठरला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2021 मधील 36 प्रौढांवरील अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहदर्शक प्रथिने घटली. म्हणजे दह्यातील पाहुणे कायमचे राहिले नाहीत तरी त्यांचे रोजचे येणे व्यर्थ ठरत नाही.

महाराष्ट्रात मात्र गेल्या काही दशकांत उलटीच वाटचाल झाली. 1970 मध्ये सुरू झालेल्या दुग्धमहापुराच्या योजनेनंतर गावोगावचे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाऊ लागले, त्याचे रोख पैसे हाती आले, पण घरची रवी खुंटीला लागली. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा गहू आणि पॉलिश केलेला तांदूळ यांनी घेतली. जुन्या जेवणात ताक कधी एकटे नव्हते: ते भाकरीबरोबर, कण्यांबरोबर किंवा पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत येत असे, म्हणजे आंबवलेला पदार्थ आणि आतड्यातील जीवाणूंना लागणारा तंतू एकाच ताटात असत. बाटलीबंद जीवाणूंच्या आजच्या व्यापाराने त्या ताटातील एक वस्तू उचलली आहे, ताट मात्र मागेच राहिले आहे.