टिपणवही, सहायक आणि अलिबागची वेधशाळा

वैयक्तिक टिपणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला जोडून कामे आपोआप करवून घेण्याची सोय आता उपलब्ध आहे. टिपणांच्या फायली वाचण्याची मुभा दिली, की सहायक त्यांतील तारखा वेचतो, स्मरणसूचना लावतो, पत्राचा मसुदा तयार करतो. अशा जोडणीसाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. नोंद आणि कृती यांची सांगड मात्र जुनीच आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे एकोणिसाव्या शतकात हाताने टिपली जात. एरवी तासातासाला वाचन होई. क्षेत्रात खळबळ वाढली, की पंधरा किंवा पाच मिनिटांनी. अमुक घडले तर तमुक करावे, हा आजच्या स्वयंचलनाचाही गाभा आहे. १ व २ सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात झालेली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण या शिस्तीमुळे हाती लागली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी वादळाची तीव्रता ठरवली ती याच नोंदींवरून. वेळ आणि एकक लिहिलेले नसते, तर ते केवळ आकडे राहिले असते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, नानाभाई मूस संचालक असताना, हे काम अलिबागला हलले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नवीशी पडताळून जोडता आली. टिपणवहीचे काम सहायकाकडे सोपवणाऱ्यानेही काही दिवस स्वतःची यादी समांतर ठेवणे श्रेयस्कर. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

सहायकाची खरी अडचण त्रोटक टिपणांची असते. 'उद्या ओहोटीला कुलाबा' ही नोंद लिहिणाऱ्याला पुरते. यंत्राला कोणता उद्या, हे कळत नाही. कुलाबा म्हणजे मुंबईतला की अलिबागचा किल्ला, हेही नाही. (रायगड जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते!) तारीख, पूर्ण स्थळ व अपेक्षित कृती लिहिलेली बरी.

दुसरा धोका परवानगीचा. टिपणांत चिकटवलेल्या परक्या मजकुरात दडलेली सूचना सहायक आज्ञा समजून पाळू शकतो. म्हणून वाचनाची मुभा वेगळी, पत्र पाठवण्याची वा पैसे देण्याची वेगळी ठेवावी. ओहोटीची वेळ सहायकाने भरतीच्या तक्त्यातून घेतली की अंदाजाने सांगितली, हेही विचारून घ्यावे. पाणी चढले, की किल्ल्याची पायवाट बुडते.