अर्ध्या दिवसाचे शहर आणि गाळलेला इतिहास

शहर आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते कोणीतरी आपल्याला दाखवीत असतो. दाखवणारा जिथे थांबतो तिथे आपण थांबतो, आणि तो जे गाळतो ते आपल्या लेखी नसतेच. जुन्या काळी बखरकार राजाच्या पदरी असे. पर्यटनाचा गाइड तसा कोणाच्या पदरी नसतो, पण त्याची वाट मात्र बखरीचीच असते. राजा, राणी, लढाई, इमारत आणि खर्चाचा आकडा, एवढ्यात त्याचा इतिहास संपतो. दगड कोणी फोडला, पाणी कोण प्यायले, कोणाला पिऊ दिले नाही, हे प्रश्न त्या वाटेवर येतच नाहीत.

मी वालूरचा, सेलू तालुक्यातला, पेशाने शिक्षक. सेलूला गाडीत बसले की परतूर, जालना मागे टाकून माणूस औरंगाबादला उतरतो. २०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्या भागातल्या माणसांना हे शहर माहीत झाले ते मजुरीसाठी, दवाखान्यासाठी आणि शिक्षणासाठी. मुलांना घेऊन मी इथे अनेकदा आलो. सकाळी नऊला निघायचे आणि दुपारी दीड-दोनला परत, अशी गाइडची अर्ध्या दिवसाची फेरी असते. बीबी का मकबरा, पाणचक्की, दोन-चार दरवाजे, जुना बाजार आणि शेवटी नवे शहर म्हणून सिडकोच्या रुंद रस्त्यांवरून एक चक्कर. या फेरीत सांगितले जाते ते बहुतेक खरेच असते. माझी तक्रार खोटेपणाबद्दल नाही, गाळलेल्या भागाबद्दल आहे. म्हणून तेवढ्याच वेळात, तेवढ्याच अंतरात आम्ही दुसरी वाट आखली. ती इथे मांडतो.

पहिला थांबा मकबऱ्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातली बौद्ध लेणी. अजिंठा-वेरूळच्या सावलीत ही लेणी झाकून गेली. यांतली बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती आहेत. त्यांचे चेहरे आणि केशरचना नीट पाहाव्यात. ही सामान्य उपासकांची रूपे आहेत आणि शिल्पकाराने त्यांना जवळजवळ माणसाएवढे मोठे केले आहे. या शहराच्या इतिहासाला मोगलांपासून सुरुवात केली, तर त्याच्या आधीचे हजार वर्षांचे पान आपण न वाचताच उलटतो.

दुसरा थांबा भडकल दरवाजा. १६१० साली खडकी या गावाच्या जागी शहर वसवले ते मलिक अंबरने. हा माणूस मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला पोचला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार त्याने आपल्या हाती घेतला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये बांधला. पण त्याची खरी कीर्ती पाण्याची. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून त्याने शहरात आणले. १६२६ मध्ये तो वारला. शहराचे नाव पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले. नहरी मात्र त्याच्याच नावाने ओळखल्या गेल्या. पुढे अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली. तीही दुरून खापरी नळांतून आणलेल्या पाण्यावर चाले, आणि तिच्या जात्यावर फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई.

आज भडकल दरवाजापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. गुलामगिरीतून वर आलेल्या माणसाने बांधलेला दरवाजा आणि अस्पृश्यतेच्या गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला माणूस, हे दोघे इथे शेजारी आहेत. गाइड यांतल्या दरवाजाची उंची सांगतो.

इथेच मुलांना मी दौलताबादची हकीकत सांगतो. किल्ला शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, म्हणून अर्ध्या दिवसात तिथे जाणे होत नाही, पण ती सांगितल्यावाचून ही फेरी पुरी होत नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला निघाले होते. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले असा गिल्ला झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर आत सोडले ते कुठेही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. ओरडणारे मुसलमान होते. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी यावरून काढला आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये तो नोंदवला. जिथे एका गुलामाने शहराला पाणी पाजले, त्याच मुलखात तीनशे वर्षांनी पाण्यावर पहारा होता. महाडचा सत्याग्रह १९२७ मध्येच होऊन गेला होता, तरीही. आमच्या माणसांनी केलेल्या स्थळदर्शनाची ही सर्वांत प्रसिद्ध नोंद, आणि तीत गाइडच्या जागी बंदूकवाला आहे.

तिसरा थांबा नागसेनवन. माझ्या मते हे या शहराचे खरे आधुनिक नगर. सिडकोची वसाहत १९७० नंतरची. तिथे रस्ते सरळ आहेत, भूखंडांना क्रमांक आहेत. पण भूखंड सरळ आखल्याने माणूस आधुनिक होत नाही. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती, आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला तर ती नव्हतीच. महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले, परिसराला नागसेनाचे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू. ज्यांना प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांसाठी याहून नेमके नाव कोणते असणार? याच वातावरणात डॉ. म. ना. वानखडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांनी दलित साहित्याला विचारपीठ दिले.

शेवटचा थांबा विद्यापीठाची कमान. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. त्यात आमचा परभणी जिल्हाही होता. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षे लागली. एका पाटीवरच्या एका नावासाठी घरे का जळावीत, असे मुले विचारतात. जळणाऱ्यांना नावापेक्षा नावामागचा हक्क दिसत होता, असे मी सांगतो. सवर्णांचा पोरगा आणि आपला पोरगा एकाच नावाची पदवी घेणार, हे ज्यांना सोसवले नाही त्यांनी घरे जाळली. दरसाल चौदा जानेवारीला या कमानीपुढे खेड्यापाड्यांतून आलेली माणसे माथा टेकतात. त्यांतल्या कित्येकांनी विद्यापीठाचा एकही वर्ग आतून पाहिलेला नसतो. या कमानीचा इतिहास त्यांना कोणा गाइडने सांगितलेला नाही. तो त्यांच्या घरातला आहे.

मित्रहो, ही फेरी कोणालाही करता येईल, आणि ती शहरापुरती ठेवण्याचे कारण नाही. वालूरला दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार उतरत पाण्यापर्यंत जातात. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली, आता दुरून माणसे पाहायला येतात. याचा मला आनंद आहे. पण कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने तिच्या काठावर उभे राहून पायऱ्या मोजल्यावर थांबू नये. हा दगड कोणी घडवला, आणि या पायऱ्या उतरण्याची मुभा कोणाला होती, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. ती माणसे आता थोडी उरली आहेत. दगड टिकतो, त्याची साक्ष देणारी जीभ टिकत नाही.