भुकेचा रकाना

वऱ्हाडांतील दुष्काळांचा इतिहास वाचतांना आमचें लक्ष बहुधा आकाशाकडे आणि धान्याच्या भावाकडे जातें. पाऊस किती पडला, ज्वारी किती महागली, सरकारी कामांवर किती माणसें आलीं, एवढें कळलें म्हणजे दुष्काळ कळला असें आम्ही मानतों. माणसें नेमकीं कशानें मेलीं, हा साधा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो.

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवचाच मुलूख घ्या. आज महागांव हा स्वतंत्र तालुका आहे. त्या काळीं हा भाग पुसद तालुक्यांत होता, आणि पुसद १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. १८९६-९७ ची टंचाई ओसरते न ओसरते तोंच १८९९ सालीं साऱ्या वऱ्हाडांत पावसानें दगा दिला. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती; १९०१ सालीं ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत वाढ तर दूरच राहिली, उलट सुमारें दीड लाख माणसें कमी झालीं.

गांवोगांवच्या जन्ममृत्यूंची नोंद पोलीस पाटील करीत. त्यांवरून होणाऱ्या वार्षिक तक्त्यांत पटकी, देवी, ताप, अतिसार, अपघात असे रकाने असत. भुकेला रकाना नव्हता. पाटील खोटें लिहीत होता असें नव्हे. माणूस खरोखरच तापानें किंवा हगवणीनें मरे. परंतु सुकाळांत जो ताप अंगावर काढून पोर खेळावयास लागे, तोच दुष्काळांत त्याला उठूं देत नसे. पोटासाठीं भटकणारीं माणसें एका जागीं गोळा झालीं, आटत्या विहिरींचें गढूळ पाणी प्यालीं, आणि पटकी फैलावली. पुढें पाऊस परतला तेव्हां डांस आले व हिवतापानें खंगलेलीं शरीरें गांठलीं. शेतांत पीक डुलूं लागलें तरी स्मशानांतील गर्दी हटेना, तें यामुळें.

१९१८ सालीं हाच धडा पुन्हां मिळाला. पाऊस फसला आणि त्याच शरद ऋतूंत इन्फ्ल्युएंझाची साथ आली. हिंदुस्थानांत ज्या प्रांतांची सर्वांत अधिक हानि झाली, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. आणि या साथींत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक दगावल्या. सर्वांचें उरकल्यावर जेवणारी, आजाऱ्याच्या उशाशीं बसणारी, पोटांत किंवा कडेवर मूल वागविणारी घरांतली बाई रोगाला अगोदर सांपडावी, यांत नवल तें काय?

जें आमच्या आज्यांना अनुभवानें ठाऊक होतें, त्याला शास्त्राचें रूप १९६८ सालीं आलें. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन या तिघांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, उपासमारीनें रोगाचा प्रतिकार मंदावतो; रोगानें अन्नावरची वासना जाते व खाल्लेलें अंगीं लागत नाहीं; मग दुसरा रोग शिरतो. हें चक्र गोंवर किंवा हगवण यांपैकीं कशानेंही सुरू होतें. अशक्त मातेच्या पोटीं कमी वजनाचें मूल जन्मतें, तेव्हां तें चक्र पुढच्या पिढींत जातें.

तें तोडतां येतें, याचा दाखला विदर्भांतच आहे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच बायकांना नवजात अर्भकांची शुश्रूषा व जंतुसंसर्गावरील उपचार शिकविले. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत नवजातांच्या मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें.

भुकेचा रकानाही आतां झाला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडींत मुलाचें वजन मांडावयास लावलें. भूक मूल जिवंत असतांनाच कागदावर उमटूं लागली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलें खुरटलेलीं व १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वजनाची वही एका खात्याची व आजाराची वही दुसऱ्या खात्याची, अशी वांटणी आहे. मुलाचें शरीर मात्र एकच आहे. पाटलाच्या नोंदवहीनें शिकविलेला धडा हाच कीं, या दोन्ही वह्या शेजारीं ठेवून वाचल्या पाहिजेत, आणि त्याही मूल हातीं आहे तोंच.