श्री भवानी संग्रहालय, औंध

श्री भवानी संग्रहालय हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध येथे असलेले कलासंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी इ.स. १९३८ मध्ये त्याची स्थापना केली. यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर, गाव आणि शिखरावरील मंदिर यांच्या दरम्यान, संग्रहालयाची इमारत आहे. राजा रविवर्मा व महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे, मोगल, राजस्थानी, पहाडी व दख्खनी शैलींतील लघुचित्रे, बंगाल शैलीची चित्रे, युरोपीय कलाकृती आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प यांसाठी ते ओळखले जाते. संग्रहालयाला जोडूनच ग्रंथालय आहे. हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येते.

एका राजाचा कलासंग्रह राजवाड्यात न ठेवता, देवीच्या दर्शनाला येणाऱ्या सामान्य माणसाच्या वाटेवर स्वतंत्र इमारतीत मांडलेला असणे, हे या संग्रहालयाचे वेगळेपण होय.

पार्श्वभूमी

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मराठा राज्यात 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिले. औंध हे या घराण्याचे ठाणे आणि यमाई ही त्यांची कुलदेवता होय. ब्रिटिश काळात औंध हे एक लहान संस्थान होते. त्याचे क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल होते व त्यात ७२ गावे होती. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध व त्याभोवतीची गावे आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ विजापूरकडे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्हा) याच संस्थानच्या हद्दीत होती.

संस्थापक

भवानराव (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे पदवीधर होते. ते १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी त्यांचे नाव भारताबाहेरही पोचले. वाल्मीकी रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेली चित्रे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले व तिच्यासाठी चित्रेही काढली. गावातील यमाई मंदिरात त्यांनी रंगवलेली पौराणिक चित्रे आहेत.

संस्थानात त्यांनी कलावंतांना आश्रय दिला. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिकलेले चित्रकार व पुढे वेदाभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर दीर्घकाळ औंधला राहिले. त्यांच्या स्वाध्याय मंडळाचे कार्य येथूनच चाले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर हेही चित्रकार झाले. त्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील फ्लॉरेन्स, तसेच लंडन व पॅरिस येथे कलाशिक्षण घेतले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक म्हणून काम पाहिले. संगीताच्या क्षेत्रात गायक अंतूबुवा जोशी व त्यांचे पुत्र गायक-व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांची नावे औंधशी निगडित आहेत.

स्थापनेचा काळ

संग्रहालयाच्या स्थापनेचे वर्ष औंधच्या राजकीय इतिहासातही महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये भवानरावांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेकडे सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन व राजपुत्र परशुराम ऊर्फ आप्पा पंत यांच्या प्रयत्नांतून आणि महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली संस्थानची राज्यघटना तयार झाली. ती जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. ग्रामपंचायत हा या घटनेचा पाया होता. त्याच काळात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागील प्रेरणा म्हणून तिचा उल्लेख होतो.

सत्तेची वाटणी आणि संग्रहाचे खुले होणे या दोन घटना एकाच सुमारास घडल्या. त्यांच्यातील कार्यकारणसंबंध ठरवण्याची आवश्यकता नाही, मात्र राजाकडे असलेले प्रजेच्या उपयोगी पडावे ही वृत्ती दोन्हींत दिसते. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान गेले, पण संग्रह गावातच राहिला. त्यामुळे मोठ्या शहरांच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतील अशा कलाकृती एका ग्रामीण, दुष्काळी पट्ट्यातील गावात पाहता येतात.

स्थान व इमारत

औंधमध्ये यमाईची दोन प्रमुख स्थाने आहेत. गावातील मंदिर राजवाड्यालगत असून त्याच्या आवारात उंच दीपमाळ आहे. दुसरे, मूळपीठ मानले जाणारे मंदिर डोंगरमाथ्यावर आहे. तेथे पायऱ्यांनी किंवा वाहनाने घाटरस्त्याने जाता येते. संग्रहालय या चढणीच्या मध्यावर आहे. मूळपीठाला जाणारा भाविक त्याच्या जवळूनच जातो. नवस फेडण्यासाठी किंवा यात्रेसाठी आलेली कुटुंबे दर्शनानंतर संग्रहालयातही डोकावतात. त्यामुळे येथील प्रेक्षकवर्ग केवळ कलाभ्यासकांचा राहिलेला नाही.

दालनांत नैसर्गिक प्रकाश यावा अशी इमारतीची रचना आहे. चित्राच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. तैलरंगावर समोरून थेट प्रकाश पडला तर पृष्ठभाग चकाकतो आणि रंग नीट दिसत नाहीत. वरून येणारा पसरट उजेड चित्रभर सारखा राहतो.

संग्रह

लघुचित्रे

मोगल, राजस्थानी, पहाडी व विजापूरसारख्या दख्खनी शैलींची लघुचित्रे हा संग्रहाचा जुना थर आहे. कागदावर अपारदर्शक जलरंगांनी काढलेली ही चित्रे मुळात भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. ती बासनात किंवा पोथीत ठेवून, हातात धरून जवळून पाहिली जात. म्हणून त्यांतील रेषा अतिशय बारीक असते आणि दुरून पाहणाऱ्याला चित्राचा अर्धाच आनंद मिळतो.

वास्तववादी चित्रकला

१८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाल्यानंतर छायाप्रकाश, यथादर्शन व शरीररचना यांवर आधारलेली पाश्चात्त्य वास्तववादी पद्धत महाराष्ट्रात रुजली. या कलाशाळेत शिकलेले व पुढे तेथेच अध्यापन केलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे तिचे प्रमुख प्रतिनिधी होत. त्यांनी औंधसाठी शिवचरित्रातील प्रसंगांची चित्रे काढली. इतिहासातील प्रसंग रंगवताना पोशाख, शस्त्रे व दरबारी शिष्टाचार यांचे तपशील कसे बसवले जात, हे या चित्रांवरून अभ्यासता येते.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या मूळ तैलचित्रांमुळे संग्रहालयाचे महत्त्व वाढले आहे. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढल्यावर त्यांच्या देवदेवता व पौराणिक नायिका छापील चित्रांच्या रूपाने महाराष्ट्रातील देवघरांत आणि ओसऱ्यांत पोचल्या. बहुसंख्य मराठी कुटुंबांना रविवर्मा माहीत झाले ते या छापील प्रतींतून. मूळ तैलचित्रात मात्र जरीची किनार, दागिन्यांवरील प्रकाश आणि त्वचेच्या छटा कुंचल्याच्या फटकाऱ्यांतून कशा उभ्या राहतात, ते प्रत्यक्ष दिसते. छापील प्रत आणि मूळ चित्र यांतील हे अंतर ओळखीच्या विषयामुळे सामान्य प्रेक्षकालाही सहज जाणवते.

बंगाल शैली

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रभावाखाली बंगालमध्ये उदयास आलेल्या शैलीने पाश्चात्त्य वास्तववादाऐवजी अजिंठ्याची भित्तिचित्रे, मोगल लघुचित्रे व जपानी जलरंगपद्धती यांतून प्रेरणा घेतली. फिकट, धुक्यासारखे रंग आणि लयबद्ध रेषा ही तिची लक्षणे होत. रविवर्मा व धुरंधर यांची तैलचित्रे आणि बंगाल शैलीची जलरंगचित्रे एकाच संग्रहात असल्याने, 'भारतीय चित्र कसे असावे' या त्या काळातील वादाच्या दोन्ही बाजू येथे शेजारी पाहता येतात. भवानरावांनी एका पक्षाची निवड करून दुसरा वगळला नाही.

युरोपीय कलाकृती व शिल्पे

संग्रहात पाश्चात्त्य चित्रकारांच्या कृती तसेच प्रसिद्ध युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. प्रतिकृती जमवणे ही त्या काळातील संग्रहालयांची मान्य पद्धत होती. ज्याला परदेशप्रवास शक्य नाही, अशा विद्यार्थ्याला अभिजात कलेची ओळख व्हावी हा तिचा हेतू असे. खटाव तालुक्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा हेतू आजही गैरलागू झालेला नाही.

हेन्री मूर (१८९८–१९८६) यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प मात्र प्रतिकृती नसून मूळ कृती आहे. माता व मूल हा विषय मूर यांनी आयुष्यभर पुनःपुन्हा हाताळला. हुबेहूब शरीररचनेऐवजी दोन आकारांचे एकमेकांत गुंतणे ते दाखवतात. वास्तववादी कलाकृतींच्या सहवासात हे शिल्प वेगळे उठून दिसते. चित्रशिल्पांखेरीज हस्तिदंत, चंदन व धातू यांतील कोरीव वस्तूही संग्रहात आहेत.

राजसंग्रह ते सार्वजनिक संग्रहालय

राजघराण्याचा संग्रह लोकांसाठी खुला होण्याची उदाहरणे जगभर आढळतात. इटलीतील फ्लॉरेन्स हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. मेदिची घराण्याची अखेरची वारस आना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये केलेल्या करारानुसार, घराण्याचा कलासंग्रह शहराबाहेर नेण्यास मनाई करण्यात आली. संग्रह शहराची शोभा म्हणून व लोकांच्या उपयोगासाठी राहावा, अशी त्यामागील भूमिका होती. उफिझी ही तेथील चित्रवीथी १७६९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मेदिचींचा पिट्टी राजवाडाही आज संग्रहालय आहे. तेथे चित्रे राजवाड्याच्या सजवलेल्या दालनांतच टांगलेली असल्याने, चित्रांबरोबर राजवैभवाचेही दर्शन घडते.

महाराष्ट्रात कोल्हापूरचा नवा राजवाडा (बांधकाम पूर्ण १८८४, वास्तुरचनाकार चार्ल्स मँट) हा राजवाड्यातील संग्रहालयाचा नमुना आहे. तेथे शस्त्रे, पोशाख व राजघराण्याच्या वस्तू त्यांच्या मूळ परिसरात दिसतात. औंधची पद्धत याहून भिन्न आहे. येथे राजवाडा गावात आणि संग्रह डोंगरावर आहे, त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष संग्राहकाच्या ऐश्वर्याकडे न जाता कलाकृतीकडे जाते. फ्लॉरेन्स व औंध यांच्या आकारमानाची तुलना होऊ शकत नाही, परंतु संग्रह ज्या भूमीत जमला तिथल्याच लोकांमध्ये राहिला, हे साम्य दोन्हीकडे आहे.

पोचण्याची सोय

औंधला साताऱ्याहून रहिमतपूर मार्गे रस्त्याने जाता येते. पुणे–मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर हे सोयीचे रेल्वेस्थानक आहे. सांगली व मिरज यांच्या दरम्यानचे विश्रामबाग हे उपनगर याच लोहमार्गावर असल्याने तेथील विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) व अन्य शिक्षणसंस्थांच्या परिसरातूनही औंधची सहल आखता येते. सांगलीहून तासगाव व विटा मार्गे रस्त्यानेही औंध गाठता येते. गावातील यमाई मंदिर, राजवाडा, संग्रहालय आणि डोंगरमाथ्यावरील मूळपीठ या क्रमाने गेल्यास एकाच चढणीत सर्व स्थळे पाहून होतात.