नळी खरवडली म्हणून वाळवी जात नाही

पहिल्या पावसानंतर बल्बभोवती पंखवाले किडे जमतात, सकाळी दारात पंखांचा खच पडतो. हे वाळवीचेच नर-मादी, नवीन वारूळ करायला निघालेले. चौकटी आणि पेटीतले सातबाऱ्याचे कागद खाते ती बहुतेक जमिनीतली वाळवी. तिला ओल लागते, म्हणून भिंतीवर मातीची नळी करून वर चढते. नळी खरवडली तर दुसरीकडून येते. राणी जमिनीखालीच असते. चौकटीला जळकं ऑइल फासलं तरी तेच.

लाकडातच राहणारी वाळवी वेगळी. तिची नळी नसते, खाली खसखशीसारखे दाणे पडतात. तिथं जमिनीत औषध ओतणं म्हणजे पैसे वाया.

भिंतीला टेकवलेल्या तुराट्या, सरपण आधी हलवा. न्हाणीचं पाणी पायात मुरू देऊ नका. औषध पायालगतच्या मातीत द्यायचं, पण विहीर-बोअरजवळ अजिबात नको.